सूपभर कोंडा

माहूरला पायी जायचा नवस सासूबाईंचा होता, लेकरू कडेवर घेऊन चालायचं मात्र मला होतं. मुलगा आठ महिन्यांचा. त्याच्याआधीच्या दोघांनी आठवा महिना पाहिलाच नाही. याचं नाव मी मनात अरविंद ठरवलं होतं, पण सासूबाई बारसंच करू देत नव्हत्या. "घाई काय हाये?" म्हणायच्या.

मार्गशीर्षात अकोल्याहून निघालो. आमचे हे शाळामास्तर, त्यांना शाळेतून रजा मिळाली नाही. पहिला मुक्काम बार्शीटाकळीला. बरोबरची मंडळी मारुतीच्या देवळात उतरली. लेकुरवाळीला गार फरशीवर कोण निजवणार, म्हणून आम्ही दोघी घर शोधायला निघालो. शोधायचं कसलं! सासूबाई कुणाला न विचारता गावाच्या कडेच्या एका घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला ते तेव्हाच खटकलं.

घर नत्थुजींचं. वांग्यांची वाडी, पांढऱ्या मिशा आणि एका नाकपुडीला भोक. पुरुषाच्या नाकाला भोक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. त्यांची बायको सुभद्रा. घरात पाळणा नव्हता, दोरीवर एक झबलं नव्हतं. तिनं माझं नाव विचारायच्या आधी मूल उचललं आणि वांगी तोलावीत तसं दोन्ही हातांवर तोललं.

"वजनदार हाये वं माय! याच्या पयले दोन गेले ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगतात बाप्पा लोक."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मन लावून पाय धूत होत्या.

तिनं बाळासाठी दूध आणलं ते मी आधी स्वतः चाखलं. सुभद्रा हसली. "इख नाही टाकलं, मास्तरीणबाई!"

दिवेलागणीला वाळत घातलेली दुपटी आणायला गोठ्यामागे गेले, तर पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "पायटीच करू. सून उठाच्या आंदी."

"अन् देनार कितीत?" नत्थुजी.

"सूपभर कोंड्यात."

"ठरलं."

काय ठरलं? देवळात जाऊन मंडळींना उठवावं तर सांगायचं काय? सासू नातू विकतेय म्हणून? मी बाळाचं झबलं माझ्या पदराला गाठ मारून बांधलं आणि जागी राहायचं ठरवलं. पण दिवसभर चाललेलं अंग, कधी डोळा लागला कळलं नाही.

उजाडताना पदर मोकळा होता. गाठ तुटली नव्हती, सोडली होती.

मी धावले. घरामागच्या उकिरड्यावर सूप ठेवलेलं होतं आणि सुपात माझं बाळ. सासूबाई पाठ फिरवून उभ्या. सुभद्रानं त्याला उचलून छातीशी धरलं आणि गावाला ऐकू जावं अशी ओरडली, "पोरगं सापडलं वं माय! कोनाचंच नाही, मले सापडलं!" मग नत्थुजींनी तेच सूप कोंड्यानं भरून सासूबाईंच्या हातात दिलं.

"माझं मूल आहे ते! द्या इकडे!"

"आरडू नको," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुले सांगतलं असतं तं तू हासली असतीस. कालेजात शिकलेली तू."

नत्थुजींनी नाकपुडीवर बोट ठेवलं. "माह्या आंदी चार गेले. मायनं नाक टोचलं, उकिरड्यावर टाकलं, अन् शेजारनीले इकलं. जे कोनाचंच नाही, त्याले मरन पुसत नाही. पन्नास वर्सं झाले, बसलो हावो तुमच्यापुढं. याचं नाव आता कोंडू."

"अन् पोरगं माहं," सुभद्रा म्हणाली. "तुमच्यापाशी सांभाळाले देतो. कोनी पुसलं तं काय सांगसान?"

"माझं म्हणून सांगेन."

सासूबाईंचा चेहरा उतरला. सुभद्रानं मूल माझ्या हातात दिलं खरं, पण बोटं सोडायला उशीर केला. तेवढ्या वेळात मी तिचा चेहरा वाचत राहिले. तिला हे सगळं खोटं आहे असं वाटत होतं, की खरं? मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या वाटेवर सासूबाई माझ्या चार पावलं पुढे चालत राहिल्या. मी दर शेताच्या बांधाशी वळून पाहत होते, सुभद्रा येत तर नाही ना. दुपारी बाळ शिंकलं. मग पुन्हा शिंकलं. कपाळाला हात लावला, ताप होता की उन्हानं तापलं होतं, सांगता येईना. थोरल्याचंही असंच एका शिंकेनं सुरू झालं होतं.

विहिरीवर पाणी भरणारी म्हातारी कौतुकानं पुढं आली. "कसं गोरंपान हाये! तुमचंच का वं बाई?"

सासूबाई घोट घेता घेता थांबल्या.

"नाही," मी म्हणाले. "कोंडू नाव याचं. बार्शीटाकळीच्या नत्थुजींचा. आम्ही नुसता सांभाळतो."

आणि मग, म्हातारीला ऐकू गेलं होतं तरी, तेच मी पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.