आक्काबाईच्या मायचा आवाज

मी तळहातावर मावणारा एक रेकॉर्डर. बोलणं माझं काम नाही, माझं काम ऐकण्याचं. पण बजाजनगरच्या त्या खोलीत जे ऐकलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. चारा संपला तशी मल्हारीनं देवगाव रंगारीतली मेंढरं विकली आणि तो वाळूजला एका कारखान्यात कामाला लागला, तिथंच बजाजनगरात खोली घेतली. सोबत बायको, आई आक्काबाई आणि लेक सुकेशनी. सुकेशनीला घरीच गाणी रेकॉर्ड करायची होती, म्हणून त्यानं मला आणलं.

पहिल्याच दिवशी ती एका आकड्यापाशी अडली. मी आवाजाचे सेकंदाला हजारो तुकडे करून साठवतो. किती करायचे, ते माणसानं ठरवायचं. ४४,१०० की ४८,०००? "जास्तच घेऊ," म्हणत तिनं अठ्ठेचाळीस हजार लावले आणि मला आजीपुढं धरलं.

"आजी, मेंढरांना कशी हाक मारायचीस?"

आक्काबाई आधी लाजली, मग हाका मारत सुटली. प्रत्येक हाकेनंतर ती दाराकडं बघत थांबायची. दारात पाण्याच्या टँकरसाठी लावलेली रिकामी पिंपं होती.

कम्प्युटरवर आवाज घेताना मात्र सुकेशनीनं चुकून ४४,१०० लावलं. तुकडे सावकाश वाजू लागले. आवाज संथ झाला, जाडसर झाला.

भाकरी थापणारे आक्काबाईचे हात थांबले.

"ही माझी माय हाय."

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तिची माय उन्हानं गेली होती. फोटो नव्हता. आवाजही आक्काबाई विसरून गेली होती, त्या दुपारपर्यंत.

सुकेशनीनं चूक शोधून आकडा नीट केला. "आजी, हा बघ तुझा खरा आवाज."

"माझा मला काय करायचाय? ती लाव."

मग रोज दुपारी, घरात दोघीच असताना, आक्काबाई माझ्यापुढं बसायची. मायनं जे बोलावंसं वाटे, ते स्वतःच बोलायची. "आक्का, जेवलीस का गं?" सुकेशनी ते चुकीच्या आकड्यावर लावायची. जाडसर आवाज विचारायचा, आणि आक्काबाई मान डोलवून म्हणायची, "नाय माय, आता जेवते."

पुढं पुढं त्या आवाजानं विचारल्याशिवाय ती ताटावर बसेना. मल्हारीनं हाक मारली तरी वळून बघेना.

एका दुपारी ती मायच्या वतीनं माझ्यात बोलली, "आक्का, लई झालं. चल आता माझ्यासंगं." आणि नातीकडं वळली. "लाव."

सुकेशनीचा चेहरा उतरला. "नाही आजी. हे नाही लावणार."

आक्काबाईनं हट्ट केला नाही. नुसती हसली.

पाऊस यायच्या आधीच ती गेली. झोपेतच गेली.

दहावा झाल्यावर मल्हारी आईचा आवाज ऐकायला बसला. सुकेशनीनं बरोबर आकडा लावून दिला. खोलीत आक्काबाईचा स्वच्छ आवाज आला, "आक्का, जेवलीस का गं?" पुन्हा तेच, पुन्हा तेच.

"हे आपुन इचारायला पायजे व्हतं," मल्हारी म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

आता मी फळीवर असतो. ते शेवटचं बोलणं अजून माझ्यातच आहे. सुकेशनी मला हातात घेते, बटणावर बोट ठेवते आणि परत ठेवून देते.

पोरी, कधी ऐकलंसच, तर अठ्ठेचाळीस हजारांवर ऐक. तिथं तुझी आजी आहे. दुसऱ्या आकड्यावर कोण आहे, ते मलाही ठाऊक नाही.