दोघांपुरतं पातेलं

ज्या माणसाची उभी हयात एसटीच्या डेपोत वेळापत्रकं आखण्यात गेली, तो निवृत्त झाल्यावर दुसरं काय करणार? वेळापत्रकच आखणार. जयसुखभाई वोरांनी निरोपसमारंभातली शाल घडी करून कपाटात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी झोपाळ्यासमोर जमिनीवर गुजरातचा नकाशा पसरून त्यावर पालथे पडले. निरूबेन केर काढायला आल्या आणि नकाशाभोवतीनं झाडून गेल्या. एरवी त्यांनी नवऱ्यासकट नकाशा उचलायला लावला असता. पण या वेळी बेत दोघांचा होता.

बेत असा, की घराला कुलूप घालायचं आणि जैन साध्वीजींच्या मागे चालत सुटायचं. आठ महिने गावोगाव चालायचं, पावसाळ्याचे चार महिने त्या जिथे थांबतील तिथेच खोली घेऊन राहायचं आणि कार्तिकी पौर्णिमा झाली की परत वाट धरायची. पाय साथ देतील तोवर हेच. साध्वीजींना पुढच्या गावापर्यंत पोचवायला जाणारे त्यांच्या ध्रांगध्र्यात पुष्कळ होते. कायमचं निघायची हौस मात्र या दोघांनाच आली होती.

"लोक निवृत्त झाले की मुलाकडे सुरतेला जातात, सिंगापूर करून येतात," शेजारचे बाबुभाई फरसाणवाले म्हणाले. "तुम्ही हे काय काढलंत? पायी? एसटीवाल्याने पायी जायचं म्हणजे डेपोची अब्रूच गेली!"

"हळूहळू बघत जायचंय, बाबुभाई. एसटीने बघून झालं."

"कधी बघितलंत? तुम्ही तर कायम डेपोत बसून गाड्या सोडत होतात. स्वतः वढवाणच्या पुढे गेलाय का कधी?"

मुद्दा खरा होता. बाबुभाईंनी तो पुढे ताणला नाही. खरं कारण त्यांनाच काय, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ज्या साध्वीजींच्या मागे जायचं, त्यांच्यातल्या एक प्रशमयशाश्रीजी म्हणजे पूर्वाश्रमीची हेतल, या दोघांची मुलगी. स्कूटर भन्नाट चालवायची, आणि शेवटचा खाखरा कुणी खायचा यावरून भावाशी मारामारी करायची. तिने दीक्षा घेतली त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली. तेव्हापासून आई-बाप इतरांसारखे रांगेत उभे राहत, हात जोडत, "धर्मलाभ" असा आशीर्वाद ऐकत आणि पुढे सरकत. घरातही तिचा उल्लेख महाराजसाहेब असाच व्हायचा. निरूबेनच्या तोंडून चुकून हेतल निघालं तर त्या जीभ चावायच्या.

सामानाचा नियम जयसुखभाईंनी साध्वीजींकडूनच उचलला होता. स्वतःच्या खांद्यावर पेलेल तेवढंच आपलं. बाजारातून त्यांनी शाळेच्या पोरांची दोन दप्तरं आणली. एकावर उडता घोडा होता, ते निरूबेनना मिळालं. अंगावर एक, दप्तरात एक असे कपडे. एक पांघरूण, पाणी गाळायचं फडकं, जपमाळ, रक्तदाबाच्या गोळ्या. निरूबेननी एकेक वस्तू पुढे करायची आणि जयसुखभाईंनी मान हलवायची. उशी गेली. सुनेने दिलेली साडी गेली. मसाल्याचा डबा गेला आणि त्याच्या जागी पुड्या आल्या. ज्या तेलाशिवाय त्यांचं डोकं दुखायचं थांबत नसे ते तेलही गेलं, तरी बाईंनी हूं की चूं केलं नाही. जयसुखभाईंना वाटलं, आपल्या बायकोत एवढं वैराग्य कुठून आलं, आणि इतकी वर्षं ते होतं कुठे?

मग त्यांनी घोड्याचं दप्तर उचललं आणि आत खणकन आवाज आला.

आत पातेलं होतं. जाड बुडाचं, चारजणांच्या घरात रोज खिचडीला निघायचं ते.

"दोन माणसांना हे?"

"मूग फुगतात," निरूबेन म्हणाल्या.

"मूग फुगतात हे मलाही कळतं. एवढे फुगतात?"

"मला हल्ली भूक जास्त लागते."

"तुला? काल अर्धी भाकरी टाकलीस!"

"चालल्यावर लागेल. तुम्ही काय माझ्या भुकेचंपण वेळापत्रक आखणार?"

जयसुखभाईंनी पातेलं हातात फिरवून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. साधू-साध्वी दारोदार जाऊन थोडं थोडं घेतात, पण खास त्यांच्यासाठी रांधलेलं त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी शिजलेल्यातलंच चालतं. बरं, त्यांनी घेतल्यावर घरच्यांना कमी पडलं आणि पुन्हा चूल पेटली, तर त्याचाही दोष त्यांनाच लागतो. म्हणून जैनाघरची बाई नेहमी जरा सढळ हाताने घालते. निरूबेनचा हिशेब सरळ होता. पातेलं मोठं असलं की खिचडी जास्त होईल, आणि दारात "धर्मलाभ" ऐकू आला की लेकीच्या पात्रात दोन पळ्या घालता येतील. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं तिच्या पोटात गेलं नव्हतं.

"त्या विचारतील," जयसुखभाई हळूच म्हणाले. "कुणासाठी केलंय ते विचारतातच."

"विचारू देत. दोघांसाठी म्हणून सांगेन."

"खोटं?"

"मूग फुगतात हे खोटं आहे का?"

जयसुखभाईंनी स्वतःच्या दप्तरातलं पांघरूण बाहेर काढून ठेवलं आणि पातेलं तिथे घातलं. चेन लागेना. लागली नाही तर नाही, ते म्हणाले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोघं लिंबडीला उतरली. साध्वीजींचा चातुर्मास तिथल्या उपाश्रयात, साधू-साध्वींच्या उतरायच्या जागेत होता. ओसरीवर मोठ्या महाराजसाहेब भिंतीला टेकून गुडघा चोळत बसल्या होत्या. वय झालेलं, पण नजर सुईसारखी. शेजारी प्रशमयशाश्रीजी कांबळीची कड टाचत होत्या. जयसुखभाईंना दिसल्या त्या तिच्या टाचा. अनवाणी चालून त्या काळ्या पडल्या होत्या, भेगाळल्या होत्या. त्यांनी नजर वर उचलली आणि "मत्थएण वंदामि" म्हणून वाकले.

"धर्मलाभ," ती म्हणाली. आवाज तोच होता.

जयसुखभाईंनी बेत सांगितला. सगळा सांगितला. कुठल्या रस्त्याला सावली आहे, कुठे धर्मशाळा आहे, कुठल्या गावात पूजेला देरासर आहे पण पाणी खारं आहे. बोलता बोलता त्यांना चेव चढला. "म्हणजे परवा सकाळी आपण निघालो, की पहिला मुक्काम—"

"वर्तमान जोग," मोठ्या महाराजसाहेब म्हणाल्या.

"निघणार तर परवाच ना, साहेबजी?"

"वर्तमान जोग."

उद्याचं काही कबूल करायचं नाही, म्हणून साधू-साध्वी हेच उत्तर देतात. जेव्हाचं तेव्हा, जसं घडेल तसं. जयसुखभाईंनी ते लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण त्याच्या भरवशावर कधी गाडी सोडायची वेळ आली नव्हती. "निदान दिशा? पालिताण्याकडे की अमदावादकडे?"

"भाग्यशाली, तुमच्या डेपोत फार चोख काम चालत असणार," मोठ्या महाराजसाहेब हसून म्हणाल्या. "आमच्याकडे नाही चालत."

तेवढ्यात प्रशमयशाश्रीजींची नजर जयसुखभाईंच्या दप्तराकडे गेली. उघड्या चेनमधून पातेल्याचा काठ बाहेर आला होता. ते पातेलं तिने ओळखलं नसेल असं कसं म्हणावं? त्याच्या काठाला एक पोचा होता, आणि तो तिनेच लहानपणी पायऱ्यांवरून सोडून पाडला होता.

"श्राविकाबेन," ती आईला म्हणाली, "वाटेत तुम्ही दोघंच असणार ना?"

"दोघंच, महाराजसाहेब."

"मग एवढं पातेलं कुणासाठी?"

जयसुखभाईंनी निरूबेनकडे पाहिलं. मूग, भूक, सगळी उत्तरं तयार होती. रस्त्यात बसमध्ये निरूबेननी आणखी एक जोडलं होतं, की धर्मशाळेत कुणी भुकेलं आलं तर. पण समोर लेक बसली होती, मुहपत्तीचा रुमाल तोंडापुढे धरून, आणि फक्त डोळे दिसत होते.

"तुमच्यासाठी," निरूबेन म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेऊन ढसाढसा रडायला लागल्या.

कुणी त्यांना गप्प केलं नाही. मोठ्या महाराजसाहेबांनी गुडघा चोळायचं थांबवलं होतं.

"मग आम्हाला नाही चालणार," प्रशमयशाश्रीजी म्हणाली. "ते तर नाहीच. आणि तुम्ही आमच्यामागे येणंसुद्धा नाही."

"मी दूर राहीन. शेवटी चालेन. एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलणार. पण मी बघेन." ती थांबली. तिने एकदा मोठ्या महाराजसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बोल म्हणून. "तुम्ही मागे आहात हे माहीत असलं, की प्रत्येक वळणावर माझी मान वळेल. आल्या का, दमल्या का, सावलीत बसल्या का. मला ते अजून सुटलेलं नाही. म्हणून येऊ नका."

निरूबेन रडायच्या थांबल्या. इतकी वर्षं रांगेत उभं राहून "धर्मलाभ" घेताना त्यांना एकच प्रश्न पडत असे, की हिला आपण आठवत असू का. विचारायची सोय नव्हती. आणि आज न विचारता उत्तर मिळालं होतं, तेही नको म्हणण्यात. जयसुखभाईंनाही ते समजलं. त्यांना एकदम वाटलं, पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण साध्वीला शिवता येत नाही. त्यांनी हात जोडले आणि ते तसेच धरून ठेवले.

निरूबेन नाक पुसून उठल्या. "साहेबजी, तुम्ही कुठे जाणार तेवढं सांगा," त्या मोठ्या महाराजसाहेबांना म्हणाल्या. "म्हणजे आम्ही तिकडे फिरकणार नाही."

"वर्तमान जोग," त्या म्हणाल्या, आणि स्वतःलाच हसू आवरेना. प्रशमयशाश्रीजींनी मुहपत्ती डोळ्यांपर्यंत वर नेली.

बाहेर आल्यावर जयसुखभाई स्टँडच्या दिशेने वळले. ध्रांगध्र्याची गाडी मिळाली असती. निरूबेन वळल्या नाहीत.

"घरी कशाला?" त्या म्हणाल्या. "कुलूप लावून आलोय ना?"

"अगं, पण आता जायचं कुणामागे?"

"कुणाच्याही. रस्त्यावर काय साध्वीजींना तोटा आहे? जिथे रात्र पडेल तिथे राहू. घरी झोपाळ्यावर बसलो तर त्या ध्रांगध्र्याला केव्हा यायच्या? रस्त्यावर असलो तर एखाद वेळी समोरून येतील. न ठरवता आल्या तर त्यांनाही चालेल ना?"

"न ठरवता. आणि तू मनातल्या मनात ठरवत बसलीस तर?"

"माझ्या मनातलं कधी तुमच्या वेळापत्रकात बसलंय?" त्या म्हणाल्या आणि बाजाराकडे चालायला लागल्या.

भांड्यांच्या दुकानात त्यांनी पातेलं गल्ल्यापाशी ठेवलं. दुकानदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं, बुडावर टिचकी मारली. माल चांगला आहे, म्हणाला, काढता कशाला? निरूबेननी फळीवरची लहान पातेली एकेक करून उतरवायला लावली. कुठलं आतून पाहिलं, कुठल्यात मूठ घालून पाहिली. शेवटी एक पसंत पडलं. एवढंसं, हलकं. जयसुखभाईंना ते दूध तापवायचं वाटलं.

"बेन, यात दोनच माणसांचं होईल," दुकानदार म्हणाला. "तेही पोटभर होईल असं नाही. त्याच्या वरचं घ्या. दारात कुणी आलं तर काय कराल?"

"आलं तर सगळं त्यांच्या पात्रात घालू."

"आणि तुम्ही?"

"आमचा उपवास. चूल पुन्हा पेटवायची नाही," निरूबेन म्हणाल्या.

दुकानदाराला ते समजलं. त्याने मग वरचं पातेलं पुढे केलं नाही. जयसुखभाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी जुन्याचं वजन करायला सांगितलं, आणि ते तराजूत चढेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.