मागून येणाऱ्यासाठी डहाळी

"गाडीनं गवत जातं, जने. आपण नाय."

आटगावच्या स्टेशनावर, गवताच्या गठड्यांच्या ढिगाआडून, बापाचा हा आवाज आला होता. जना तेव्हा परकर नेसायची. मालगाडीचे डबे भरले, शिट्टी झाली, आणि बापानं विळ्यानं कापलेला अख्खा माळ तिच्या डोळ्यांदेखत मुंबईच्या तबेल्यांकडे निघाला. तिनं एवढंच विचारलं होतं, "बा, गाडी पुढं कुठं जाते?" बापाच्या बोलण्यात राग नव्हता. पाणी उताराला जातं, असं सांगावं तितक्या सहज त्यानं सांगितलं होतं. म्हणून ते शब्द टोचले नाहीत. नुसते राहिले, चोळीला चिकटलेल्या कुसळासारखे.

आता जनाची पन्नाशी उलटली होती. शेणवा गावातल्या घरापुढं, सारवलेल्या अंगणात, ती बियाणाचे वाल निवडत बसली होती. भात झोडून झालेलं, शेतात ओल होती तोवर वाल पेरायचे होते. शेजारी लेक हर्षाली आणि तिची मैत्रीण रूपा मोबाइलवर डोकी टेकवून बसल्या होत्या. हर्षाली शहापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. रूपा मुरबाडच्या एका कारखान्यात, ऑफिसात. दोघी पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या. बँकॉकला. तिथून आगगाडीनं आसपासची गावं बघायची. जायचं जानेवारीत, पण तिकिटं आज, दिवे लागायच्या आत काढायची, असं ठरलेलं.

जनाच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, तिचा स्वतःचा पासपोर्ट होता. हर्षालीनं आपल्याबरोबर आईचाही काढून घेतला होता. दसऱ्याला तिनं विचारलंही होतं, "आई, येतेस?" हो म्हणायचं जनाच्या अगदी ओठांवर होतं, पण सवयीनं भलतंच बाहेर पडलं, "आमाला काय करायचंय गो तिकडं?" लेकीनं मान हलवली आणि रूपाला फोन लावला. तेव्हापासून जना रोज पासपोर्ट काढायची, आपला फोटो बघायची, परत ठेवायची. आज तिकिटं निघाली की ट्रंक उघडायचं कारणच उरणार नव्हतं.

"दोन रात्री बँकॉक," हर्षाली सांगत होती, "मग एक अयुथायाला, मग कांचनाबुरी, शेवटी परत बँकॉक."

"म्हंजे बोचकी घेऊन रोज नवी खोप बांधणार?" जना सूप हलवत म्हणाली.

"खोप नाही गं, हॉटेल."

"तेच ना. निजायची जागा." जनानं सूप खाली ठेवलं. "आमी गवताला जायचो तवा बा खोप एकदाच बांधायचा. पाण्याजवळ. मग आज हा माळ, उद्या तो माळ, सांच्याला खोपीत. रोज खोप मोडली असती तर गवत कवा कापलं असतं?"

तिनं मूठभर वाल उचलले. एक टपोरा दाणा जमिनीवर मधोमध ठेवला. "ही तुमची खोप. आता सांगा, माळ कुठं कुठं?"

रूपा हसली, पण सरकून पुढं आली आणि एकेक दाणा मांडू लागली. "मावशी, हा अयुथाया, वरच्या अंगाला. जुनी पडकी देवळं. नाव अयोध्येवरूनच पडलंय म्हणे. हा कांचनाबुरी, इकडं, नदीवरचा पूल. आणि हा मेक्लाँग. इथं बाजारातूनच गाडी जाते. रुळावर भाजी मांडलेली असते. गाडी आली की बायका छप्पर ओढून घेतात, गेली की परत पसरतात."

"बायका?" जनाचा हात थांबला.

"बायकाच बसलेल्या दिसतात व्हिडिओत. मधे एक नदी आहे. गाडीतून उतरायचं, होडीनं पलीकडे जायचं, तिकडं दुसरी गाडी."

जना त्या दाण्याकडे बघत राहिली. टोपलीत करवंदं घेऊन रुळाच्या कडेला ती किती उन्हाळे बसली होती. गाडी आली की टोपली मागं, गेली की पुढं. तसल्याच कुणी बाया तिकडंही असतील, आणि एकदा तरी गाडीच्या आतून त्यांच्याकडे बघायचं.

तेवढ्यात कोंबडी आली आणि तिनं अयुथाया खाल्लं.

"गेलं तुमचं गाव!" धाकलू, हर्षालीचा बाप, बैल बांधून येत होता. "बँकॉकला पोरी कशाला जातात गो? माझ्या माहितीत तिकडं बाप्ये जातात, नि येताना तोंड लपवत येतात."

"तुम्ही जाऊन या मग," हर्षाली म्हणाली.

"मी? नाशिकला जाताना ओकून सगळी गाडी धुवायला लावली मी. मला शेणवाच बरा."

"म्हणूनच त्यांना कुणी बोलवत नाय," जना म्हणाली. तिघी हसल्या. धाकलूही हसला आणि पाणी प्यायला आत गेला.

हर्षालीनं नवा दाणा ठेवला. सगळं पुन्हा मांडलं. एकच हॉटेल, बँकॉकच्या जुन्या स्टेशनापासून चालत जाता येईल असं. नदी थोडी लांब पडत होती, तर जना अडून बसली.

"आई, नळाला पाणी येतं तिथं."

"नळ बंद झाला तर?"

"तर बाटली."

"बरं. पण लांबचा माळ आधी. पहिल्या दिशी अंगात जोर असतो."

"पहिल्या दिवशी आम्ही विमानात रात्रभर जागून आलेल्या असू. जोर कसला? लांबचा मधे, मेक्लाँग शेवटी."

जनानं विचार केला आणि मान डोलावली. "हे मात्र खरं. खोपीवर उडत कुणी गेलं नव्हतं." मग दाणे या हातातून त्या हातात घोळवत ती आपोआप गुणगुणायला लागली. माळावर बाया म्हणायच्या ते,

*गवताची गं पेंढी, बांधिली आवळून,*
*दिस गेला माळावर, खोप घेते बोलावून.*

"आणि चुकलात तर?" तिनं मधेच विचारलं. "वाट फुटते तिथं डहाळी टाकता का?"

"कसली डहाळी?" रूपाला माहीत नव्हतं.

"दोन वाटा फुटल्या, की हिरवी डहाळी मोडायची नि ज्या वाटेनं गेलो तिकडं शेंडा करून टाकायची. वर धोंडा ठेवायचा. परतताना उचलून फेकायची. मग कळतं, माणूस पुढं गेला का माघारी आला."

"मावशी, आम्ही पण टाकतो डहाळी! हे बघा." रूपानं मोबाइलवर निळा ठिपका दाखवला. "लोकेशन. मी कुठं आहे ते हिला दिसतं."

"मग बरं हाय. पण डहाळी सोबतच्या माणसासाठी नसते गो. मागून येणाऱ्यासाठी असते."

"आमच्या मागून कोण येणारे?" रूपा हसत म्हणाली.

जनानं सूप पुढं ओढलं. सुपातला एक किडका दाणा तिनं उचलला, फेकला. मग एक चांगलाही फेकला.

ऊन कुंपणावर गेलं. माहुली गडाचे सुळके आधी तांबूस, मग जांभळे झाले. हर्षालीनं मोबाइल सरळ धरला. "चला, काढते. जानेवारी... जाणं... येणं... प्रवासी किती? दोन."

'दोन' हा शब्द जनानं ऐकला. त्याच्या मागोमाग आटगावचा तो आवाजही आला, पूर्वीसारखाच सहज, गठड्यांच्या आडून. बाप वाईट नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं तेच सांगितलं होतं. त्यानं रुळावरून गवतच जाताना पाहिलं होतं.

"थांब गो जरा," जना म्हणाली आणि उठली.

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. धाकलूचा आवाज आला, "काय शोधतेस?" जना बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पासपोर्ट होता. त्याला लुगड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती खाली बसली नाही. अंगणातल्या वालाच्या नकाशापाशी उभी राहिली.

"आई?" हर्षालीचं बोट तसंच मोबाइलवर राहिलं.

"तुझे बाबा गुरांचं बघतील. वाल मी जायच्या आधी पेरून टाकीन." जनानं पासपोर्ट लेकीपुढं धरला. "दसऱ्याला तू इचारलंस, तवा मी नाय म्हणाले. ते खरं नव्हतं गो."

हर्षालीनं पासपोर्ट हातात घेतला.

"तीन कर," जना म्हणाली. "मला यायचंय. लहान होते तवापासनं जायचंय."