कार्डावर ‘रिकामी’

बुधवारी सकाळी सव्वासहाला रंभा भोयरची म्हैस गाभडली. बोटाएवढा गर्भ शेणात पडला होता. रंभाने तो पळसाच्या पानावर उचलून घेतला.

सावली तालुक्यातल्या या गावात नऊ दिवसांपूर्वी शिबिर झालं होतं. म्हशी एकाच वेळी माजावर आणायच्या, मग चांगल्या जातीचं रेतन करायचं. पहिलं इंजेक्शन त्या सोमवारी, दुसरं या सोमवारी, तिसरं आज. दुसरं इंजेक्शन गाभण जनावराला चालत नाही, गर्भ पडतो. म्हणून आधी तपासणी.

बेचाळीस म्हशी होत्या आणि तपासणारा जनावरांच्या दवाखान्यातला एकटा निकेश. पहिल्या दहांना त्याने हात घालून पाहिलं. उरलेल्यांच्या मालकांना नुसतं विचारलं.

“बाई, एवढ्यात हेल्याकडे गेली काय?”

“मले नाई माईत,” रंभा म्हणाली.

शेजारी नवरा उभा होता. मुखरू हसला. “साहेब, दोन वर्सांपासून फुकटची खाऊन राह्यली. द्या सुई. नाई धरली त बिरजूची गाडी हायेच.”

बिरजू म्हातारी, भाकड जनावरं घेऊन जाणारा व्यापारी.

रंभाला माहीत होतं. दिवाळीनंतर बोडीच्या पारीवर, तळ्याच्या बांधावर, हेल्याने म्हणजे रेड्याने म्हैस फळवली, हे गावचं ढोर चारणाऱ्या कोलूने तिलाच सांगितलं होतं. अशी गोष्ट ढोरकी घरच्या बाईच्या कानात घालतो, दुसरीकडे बोलत नाही. आणि तीन महिने भरल्याशिवाय बाईही गाभण हा शब्द तोंडातून काढत नाही. गेल्या खेपेला ती हापशीवर बोलून गेली होती. रेडकू मेलेलं निघालं. या वेळी तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शिबिरात कोलू पाच हातांवर उभा होता. तो तिच्याकडे बघत राहिला. निकेशने कार्डावर ‘रिकामी’ लिहिलं.

बुधवारी नऊला निकेश तिसरं इंजेक्शन घेऊन आला. रंभाने पान त्याच्यासमोर धरलं.

“बाई, त्या दिवशी काऊन नाई सांगितलं?”

“तुमी हात काऊन नाई घातला?”

निकेशने पान पुन्हा पाहिलं. हातातली सुई पेटीत ठेवली.

मुखरू कोठ्याच्या दारात आला. “म्हंजे गाभण होती?”

“दोन महिन्यांची,” निकेश म्हणाला.

“तुले माईत होतं?”

रंभाने पान मिटलं.

“आता तोंड शिवलं. तवा उघडाचं होतं.” मग तो निकेशकडे वळला. “साहेब, आता धरते का नाई?”

“आधी गर्भाशय साफ व्हायला पाहिजे. दोन महिने काहीच करायचं नाही. त्यानंतरचं आज सांगता येत नाही.”

“वांझ नाई, येवढं त लिवून द्या,” रंभा म्हणाली. “मंग हे इकणार नाई.”

निकेशने कार्ड काढलं. गाभडली लिहिलं तर गाभण म्हशीला सुई का दिली, हे वरून विचारलं जाणार होतं. त्याने ‘उपचार थांबवला’ एवढंच लिहिलं. ‘रिकामी’ खोडलं नाही. मुखरूने ते वाचलं.

“कागद त रिकामीच म्हणते,” तो म्हणाला आणि बिरजूला फोन लावला. गाडी शनिवारची ठरली.

शनिवारी दहाला गाडी चौकात आली. कोठ्यात म्हैस नव्हती, खुंट्याला दावंही नव्हतं. रंभाही घरी नव्हती. मुखरूने कोलूला गाठलं. कोलू म्हणाला, म्हैस आज कळपात आलीच नाही. दुपारी दोनपर्यंत गाडी चौकात उभी होती. बिरजू टपरीवर दुसरा चहा पीत होता आणि मुखरू रंभाला आणि म्हशीला शोधत बोडीच्या बाजूला गेला होता. तो परतला नव्हता.