पेढ्याच्या नाकावरचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कशाचा, ते मात्र एकदम विचारू नका. मला स्वतःलाच ते कळायला कितीतरी दिवस लागले, आणि कळलं कळलं म्हणेपर्यंत पुन्हा गोंधळ झाला. मला कोणी मुसकं म्हणालं, कोणी लगाम म्हणालं. एका दिवाळीच्या साफसफाईत तर दप्तराचा तुटका बंद समजून मी केरात जाता जाता वाचलो. सध्या मी अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर लटकतो. शेजारी गाळणं असतं. त्याला आपण कशासाठी आहोत हे पक्कं ठाऊक आहे. मला त्याचा हेवा वाटतो.

माझा जन्म एक्क्याण्णव साली उल्हासनगरात झाला, कॅम्प नंबर पाचमधल्या एका दप्तरं शिवायच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, तर तीन मशीनं, एक पंखा आणि लछमनदास शेठ. तिथे काळ्या नायलॉनच्या पट्टीची रिळं होती. माझे सगळे भाऊबंद दप्तरांचे बंद झाले आणि शाळेत गेले. मीही गेलो असतो. पण त्या दिवशी डाव्या हाताला प्लास्टर घातलेल्या एक बाई कारखान्यात आल्या आणि त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं.

त्या कुमुदिनीबाई. पत्र त्यांच्या भावाचं, गुरुदत्तचं. तो जहाजावर नोकरीला होता. कुठल्याशा परदेशी बंदरावर त्याने पाहिलं होतं, तिथली माणसं ओढणाऱ्या कुत्र्यांच्या नाकावरून एक पट्टा घालून त्यांना फिरवतात. त्याचं चित्र काढून त्याने खाली लिहिलं होतं, 'ताई, असा कुणाकडून तरी शिवून घे.' कसा वापरायचा, का वापरायचा, याबद्दल एक अक्षर नाही. आणि चित्र असं, की कुत्रा आहे की किटली, ते कळेना.

"साईं, ये घोडे का है?" शेठने चष्मा वर करून विचारलं.

"कुत्र्याचं आहे हो."

"काटता है क्या?"

"छे! चावत नाही, ओढतो."

"खींचता है, तो मुंह पे क्यूं बांधने का?"

कुमुदिनीबाईंना तरी कुठे ठाऊक होतं! त्यांनी ब्लाउज शिवायच्या टेपने घेतलेली मापं पुढे केली. एक फास नाकाभोवती, एक पट्टा कानांमागून, हनुवटीखाली एक कडी, त्या कडीला साखळी अडकवायची. तासाभरात मी तयार. "लेबल कौन सा मारूं? फॉरेन का चलेगा?" शेठने जाता जाता विचारलं. बाई हसल्या आणि नको म्हणाल्या. म्हणून माझ्या अंगावर नावगाव काहीच नाही.

आता पेढ्याबद्दल सांगतो. पेढा म्हणजे त्यांचा कुत्रा. रंगाने भाजक्या खव्यासारखा, म्हणून लेकीने, मीनलने, हे नाव ठेवलेलं. मीनल लग्न होऊन नाशिकला गेली आणि पेढा आईच्या पायाशी झोपायला लागला. स्वभावाने गरीब, पण धूड चाळीस किलोचं. रस्त्यात शेळी दिसली की संपलं! माझ्या जन्माच्या दोनच दिवस आधी मंदिराच्या वाटेवर त्याने असा हिसडा दिला, की बाई आडव्या पडल्या आणि मनगट मोडलं. त्यांचे यजमान श्रीपादराव एका मोठ्या कारखान्यात अधिकारी होते. ते फार बोलत नसत, पण बोलले की झालं.

"पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "तोवर सुधारला तर ठीक. नाहीतर कारखान्याच्या गोदामावर राखणीला जाईल. मी जीप पाठवतो."

गोदाम म्हणजे दिवसभर साखळी आणि पत्र्याची शेड. कुमुदिनीबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते जुनं पत्र शोधून काढलं होतं. म्हणजे बघा, मित्रांनो, माझ्यावर केवढी भिस्त होती, आणि मला तर माझं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, तेही कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी मला उलटा घातला. दुसऱ्या दिवशी सुलटा, पण ढिला, तर मी घसरून पेढ्याच्या नाकाच्या टोकावर आलो. तो शिंकला. तिसऱ्या दिवशी श्रीपादराव म्हणाले, "अगं, मुसकं घट्ट बांधायचं असतं." मग मला करकचून आवळलं. गालावरचा पट्टा सरकून त्याच्या डोळ्यात खुपायला लागला. साखळीला झटका बसला, की त्याची मान काटकन वळायची. पेढ्याने पंजांनी मला ओरबाडलं, डांबरी रस्त्यावर नाक घासलं आणि शेवटी चौकातच फतकल मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला दुखवायला आलो होतो का? तसं असेल, तर दप्तराचा बंद काय वाईट होता!

त्यातून गल्लीत बोभाटा झाला. तोवर पेढ्याच्या पाठीवर बसणारी पोरं त्याला बघून पळायला लागली. समोरचे जयदेव फाटकातूनच म्हणाले, "वहिनी, मुसकं बांधलंत म्हणजे कुत्रा चावतो, हे तुम्हीच कबूल केलंत. मग त्याला इथे ठेवता कशाला?"

हे श्रीपादरावांच्या कानावर गेलं. कॅलेंडरवर त्या पंधराव्या दिवसाभोवती त्यांनी पेनाने गोल काढला.

सातव्या दिवशी गोदूबाई आल्या. त्या बदलापूरच्या, हेंद्रेपाड्याच्या. स्वतःच्या वाडीतली भाजी टोपलीत घेऊन दारोदार विकायच्या. कुमुदिनीबाई ओट्यावर बसून डोळे पुसत होत्या, मी त्यांच्या मांडीवर पडलो होतो, आणि पेढा लांब कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसला होता.

"अगो बाय, रडतंस कला?" गोदूबाईंनी टोपली उतरवली आणि मला उचलून उलटसुलट पाहिलं. "ही म्होरकी कोनाची? वासराची?"

"मुसकं आहे ते, गोदूबाई. पेढ्याचं."

"मुसका नाय गो! मुसका मलनीच्या टायमाला बांधतान, बैलानी दाना खाव नाय म्हनून. मुसका घातला का तोंड बंद. ही म्होरकी हाय. हिच्यान तोंड उघडा रहाला पायजे. बैलाची मुंडी जिकरं वलते, तिकरं त्याचा आंग जातं. मुंडी आपल्या हातान असली का झालं, ताकद लावाची कामच नाय."

कुमुदिनीबाई तोंडाकडे बघतच राहिल्या. मीसुद्धा! सात दिवस मी तोंड दाबून धरत होतो, आणि माझं काम तोंड वळवायचं होतं.

गोदूबाईंनी पदर खोचला. मला सैल करून त्यांनी दोन बोटं माझ्याखालून फिरवली. "दोन बोटा जागा ठेव. डोल्यापासून लांब रहाला पायजे, नि नाकपुरीवर पन येव नाय. आनि झटका नको मारू. बैलाला तरी पैल्या दिशी कोन नांगराला जुंपतं? आधी गूल दे."

मग त्यांनी गुळाचा खडा माझ्या फासाच्या पलीकडे धरला. पेढा कोपऱ्यातून उठला. मला बघून थबकला, पण गूळ तो गूळ. त्याने हळूच नाक आत घातलं, खडा खाल्ला आणि नाक बाहेर काढलं. कोणी मला आवळलं नाही. त्या दिवशी एवढंच. मला वाटलं, एवढ्याने काय होणार? जाता जाता गोदूबाई म्हणाल्या, "म्होरकी हिसडून निघाली, तं पंचाईत. गल्यातला पट्टा पन ठेव, दोनी दोऱ्या धर." आणि भाजीची टोपली उचलून त्या निघूनही गेल्या.

साखळीच्या जागी दोरी आली, आणि पुढचे आठ दिवस आम्ही तिघं शिकत होतो. आधी घरात दोन मिनिटं, मग ओट्यावर, मग फाटकापर्यंत. पेढ्याने ओढलं, की बाई ओढत नसत, नुसत्या उभ्या राहत. तो मागे वळून बघायचा, दोरी सैल व्हायची, की गुळाचा कण. दोनदा त्याने मला पंजाने काढलंच. एकदा वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, छे, काही खरं नाही. श्रीपादराव पेपराआडून बघायचे. त्यांच्या मनात काय होतं, देव जाणे.

पंधराव्या दिवशी सकाळी जीप आली. ड्रायव्हर हिंदुराव फाटकाशी उभे राहिले, हातात जाड साखळी.

"मंदिराच्या वाटेने कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं," श्रीपादराव म्हणाले. "मी इथूनच बघतो."

कुमुदिनीबाईंनी मला पेढ्याच्या नाकावर घातलं. माझ्याखाली दोन बोटं फिरवायला त्या विसरल्या नाहीत. आम्ही निघालो. जाताना सगळं शहाण्यासारखं झालं. कोपऱ्यावरून वळलो आणि समोर तीच शेळी! तीच हो, मनगट मोडणारी. पेढ्याचे कान उभे राहिले. चाळीस किलो पुढे झेपावले. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. झटका नाही, ओढाओढ नाही. दोरी ताणली गेली, माझी कडी हनुवटीखाली फिरली, त्याचं नाक फिरलं, मान फिरली, आणि शेळीच्या जागी पेढ्याच्या समोर कुमुदिनीबाईंचा चेहरा आला.

"पेढ्या, नको रे बाळा," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पेढा त्यांच्याकडे बघत राहिला. मग शेळीला विसरून त्यांच्याकडे आला आणि प्लास्टरवर डोकं घासायला लागला. मी दोघांच्या मध्ये चेंगरलो होतो, पण तक्रार कोण करतो!

फाटकाशी परत आलो तेव्हा श्रीपादराव तिथेच उभे होते. "हिंदुराव, चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं. आणि थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत म्हणाले, "जीप रिकामीच न्या."

आता इथे मी संपायला हवं होतं, नाही का? पण माझा गोंधळ पुढे वाढला. सहा महिन्यांत पेढा इतका शहाणा झाला, की साध्या पट्ट्यावर चालायला लागला आणि मला खिळ्यावर टांगलं. काम नीट केलं म्हणून कामावरून काढलं! मला फार लागलं. वाटायचं, पेढ्याला मी नकोसाच होतो. त्याने किती वेळा मला पंजाने काढून टाकलं होतं! अशी सात वर्षं गेली. अंगावर फोडणीचे डाग पडले, कडी गंजली.

मग पेढ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो फाटकाला धडकायचा, पायरी चुकायचा. एका सकाळी कुमुदिनीबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, गरम पाण्याने धुतलं, कडी बदलून घेतली आणि माझा फास त्याच्यासमोर धरला. गूळ नव्हता. पेढ्याने मला हुंगलं. एकदा, दोनदा. शेपूट हललं. आणि त्याने आपणहून नाक आत घातलं. सात वर्षं मनात धरून ठेवलेला माझा सगळा राग तिथेच विरघळला. शेवटचं दीड वर्ष मी त्याची मुंडी वळवली, ती ओढ थांबवायला नाही. भिंत कुठे आहे, पायरी कुठे आहे, एवढं सांगायला.

पेढा गेला, त्यालाही आता वर्ष झालं. परवा शेजारची वृंदा आली. तिने पिल्लू आणलंय. "काकू, ते मुसकं मला द्याल? मोठा झाला की हा ओढणार बघा."

"मुसकं नाही गं ते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिला सगळं समजावलं. आधी पिल्लाला मोठं होऊ दे, मग त्याचंच नाक मोजून नवा शिवून घे. दोन बोटं जागा. आधी गूळ, मग दोरी. झटका कधीच नाही. मित्रांनो, मलाही तुमच्यापाशी एवढंच मागायचं आहे. कुणाच्याही तोंडावर काही बांधण्याआधी ते कशासाठी आहे, ते विचारा. आणि ज्याच्या तोंडावर बांधता, त्याला थोडा वेळ द्या.

वृंदाने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "पण मुसकं नाही, तर हे आहे काय, काकू?"

मी कान टवकारले. म्होरकी म्हणतील? लगाम म्हणतील? कुमुदिनीबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं, पदराने पुसलं आणि पुन्हा खिळ्यावर अडकवलं.

"ते होय?" त्या म्हणाल्या. "ते पेढ्याचं आहे."