काठोकाठ भरलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. कोल्हापुरात कदमवाडीतल्या एका घराच्या परड्यात, पत्र्याच्या छपराखाली माझी जागा आहे. कोणी पाहुणा येतो, माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "जुना हाय, पण भरवशाचा दिसतोय." त्या वेळी मला लाज वाटते. का वाटते, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आम्हा सगळ्यांना रांगेत उभे केले, पोटात थोडे पेट्रोल घातले, एकेकाला चालवून पाहिले, पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेतले आणि मग खोक्यात बंद केले. चालायचे नसेल तेव्हा रिकामे राहायचे, एवढी एकच गोष्ट तिथे मला कळली. पुढे ती कोणाला सांगायची वेळ आली, तेव्हा मला तोंड नव्हते.

पंचगंगेला २०१९ साली महापूर आला आणि कोल्हापूरकरांनी कित्येक रात्री मेणबत्तीवर काढल्या. त्यानंतरच्या दिवाळीत आकाराम मला घरी घेऊन आले. ते एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. आवाज असा, की बोळाच्या तोंडाशी बोलले तर परड्यात ऐकू यावे. त्यांच्या पत्नी हौसाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ह्यो कशाला आणलाय आता? पूर गेला की."

"पूर गेलाय. नदी हाय न्हवं तितंच?" आकाराम म्हणाले.

त्यांना यंत्रातले काही कळत नव्हते. दुकानदाराने सांगितले तेवढे त्यांनी पाठ केले होते आणि त्यात घरचे काही घातले होते. दोरी ओढण्यापूर्वी ते "आत सरका, आत सरका, मागं मोकळं हाय" असे मला सांगत. मी पहिल्या ओढीला सुरू झालो, की आसपास कोणी नसले तरी मान वळवून बघत, कोणी पाहिले का म्हणून.

दोन वर्षांनी पुन्हा पूर आला. आमच्या घरात पाणी शिरले नाही, पण वीज गेली. त्या दिवसांत मी जितका चाललो तितका पुन्हा कधी चाललो नाही. अख्ख्या बोळातले मोबाईल माझ्यावर चार्ज होत होते. शेजारचा अल्ताफ शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतो; त्याची बायको नाजिया मिक्सरचे भांडे घेऊन आली. आकारामांनी सगळ्यांना रांगेत उभे केले.

"काका, एवढं वाटण काढून द्या की," नाजिया म्हणाली. "सासू कावल्या माझ्यावर."

"आधी म्हाताऱ्यांचे मोबाईल. वाटण पुढच्या गाडीनं."

पाऊस तिरपा येऊ लागला तेव्हा अल्ताफ म्हणाला, "काका, ह्याला सोप्यात घेऊया का? भिजतोय." त्यावर आकाराम असे ओरडले, की रांगेतली पोरे पांगली. "सोप्यात? ह्याचा धूर म्हंजे इख हाय. समद्यांस्नी एकदमच झोपवायचंय व्हय?" मग दोघांनी मिळून माझ्यावर पत्रा उभा केला. तोच पत्रा आज माझे छप्पर आहे. पूर ओसरल्यावर बोळातल्या बायकांनी हौसाबाईंना येऊन सांगितले, "तुमचा जनरेटर लई गुणाचा." हौसाबाई म्हणाल्या, "गुणाचा हाय, पण घोरतोय ह्यांच्यासारखाच."

त्यानंतर हौसाबाईंची फुप्फुसे थकत गेली. घरात ऑक्सिजनचे मशीन आले. पलंगाशेजारी ते दिवसरात्र हुसहुस करी आणि त्याची नळी त्यांच्या नाकाशी असे. शेजारी एक लहान सिलिंडर ठेवलेला असे, पण तो थोड्याच वेळापुरता. वीज गेली तर पुढचे सगळे माझ्यावर होते. आकाराम हे मला कधी बोलून दाखवीत नसत. पण दर सोमवारी ते मला सुरू करीत आणि मशीनची वायर मला जोडीत. "रिकामी गाडी कोणबी पळवतंय," ते म्हणत. "पाशिंजर भरून घाट चढला तर खरं." मशीन माझ्यावर चालू लागले, की माझा आवाज जड होई. तो जड आवाज ऐकूनच ते समाधानाने चहाला जात. जुने पेट्रोल फार दिवस टाकीत राहू नये म्हणून तेही अधूनमधून उपसून आपल्या दुचाकीत ओतीत आणि मला नवे आणून घालीत.

मागच्या श्रावणात एका सकाळी त्यांनी माझी टाकी काठोकाठ भरली. झाकण पिळून बसवले, ओघळ फडक्याने पुसला आणि छातीवर हात ठेवून तिथेच पायरीवर बसले. अल्ताफने त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेले. ते परत आले नाहीत.

त्यांची मुलगी क्रांती जयसिंगपूरला शाळेत शिक्षिका आहे. ती तिथली खोली सोडून आईजवळ राहायला आली आणि रोज रेल्वेने ये-जा करू लागली. ती बापासारखी नाही. कमी बोलते, खूप वाचते. दिवसकार्य झाल्यावर तिने वडिलांचे कपडे शांतपणे वाटून टाकले, चष्मा कपाटात ठेवला. मग परड्यात आली आणि माझ्यावर स्वच्छ ताडपत्री घालून तिची चारही टोके बांधली.

त्यानंतरच्या सोमवारी मी वाट पाहिली. कोणी आले नाही. त्यानंतरच्याही आले नाही.

काही दिवसांनी अल्ताफने कुंपणावरून विचारले, "ताई, काका सोमवारी चालवायचे. चालवू का मी? पेट्रोलबी बदलायला पायजे असंल."

क्रांती वाळत घातलेल्या लुगड्याची घडी करत होती. ती म्हणाली, "राहू दे अल्ताफ. ते पेट्रोल आप्पांनी भरलंय."

अल्ताफ कुंपणापासून मागे फिरला. माणूस गेलेल्या घरात अशा शब्दांवर कोण काय बोलणार? आणि मित्रांनो, माझी लाज इथून सुरू होते. त्या वेळी मला अभिमान वाटला. आकारामांच्या हातची शेवटची गोष्ट माझ्या पोटात आहे, ती हलवायची नाही, असे ठरले होते. बोळातल्या कोणत्या यंत्राला असा मान मिळाला असेल? क्रांती संध्याकाळी गाडीतून उतरून घरी आली, की कधीकधी ताडपत्रीवर हात ठेवून थोडी उभी राही. मला वाटे, मी आता नुसता जनरेटर राहिलो नाही.

आत काय चालले आहे, ते मला कळत होते. पेट्रोल हळूहळू आंबट होत होते. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात तिथे, चिकट राळ धरत होती. घसा बसत जावा तसे ते होते. पण माझे बाहेरचे अंग चकचकीत होते.

दसरा आला. खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहेच. घरात वर्ष झाले नव्हते, म्हणून सण नव्हता. तरी हौसाबाई आतून म्हणाल्या, "क्रांते, त्याला तेवढा हार घाल. ह्यांनी कधी चुकवलं न्हाय." क्रांतीने मला ओल्या फडक्याने पुसले, हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि हात जोडले. दोरीला मात्र हात लावला नाही. तो हार वाळून गळून पडेपर्यंत माझ्या अंगावर होता. सडक्या पोटाने मी तो मिरवला.

वैशाखातली रविवारची दुपार होती. क्रांती आईला जेवण देऊन वाचत बसली होती. अचानक वारा सुटला, पत्रे खडखडले आणि कोपऱ्यावरचे मोठे झाड तारांवर आडवे झाले. पंखा थांबला. ऑक्सिजनचे मशीन एकदा लांब ओरडले आणि गप्प झाले.

क्रांतीने आईला लहान सिलिंडर लावला आणि धावत परड्यात आली. तिने ताडपत्रीच्या गाठी सोडल्या. दोरी ओढली. पुन्हा ओढली. मी नुसता खोकलो.

अल्ताफ कुंपण ओलांडून आला. त्याने चड्डीवर घातलेल्या लुंगीचा काचा मारला आणि अशी दोरी ओढली, की मी जागेवरून सरकलो. काही नाही. त्याने टाकीचे झाकण काढून नाक जवळ नेले आणि लगेच मागे घेतले.

"ताई, हे कुजलंय. वतून टाकू या."

क्रांती माझ्या टाकीकडे पाहत राहिली. झाकण हातात धरून अल्ताफही उभा राहिला. आत सिलिंडरचा काटा खाली येत होता. तेवढ्यात खिडकीतून हौसाबाईंचा आवाज आला, दम लागलेला, तुटक तुटक.

"काय बघालैस, क्रांते?"

"आई, तू बोलू नकोस. ते... आप्पांनी भरलेलं आहे."

"तुझ्या बापानं भरलं म्हणून... मी गुदमरू व्हय?"

क्रांतीने घमेले ओढले आणि स्वतःच्या हाताने माझ्या टाकीखालचा कॉक उघडला. पेट्रोल कोऱ्या चहासारखे काळपट होऊन आले होते. ते सगळे पडेपर्यंत तिने घमेल्यावरची नजर काढली नाही. अल्ताफने तिच्या स्कूटीतून नवे पेट्रोल नळीने काढून मला घातले. नवे पेट्रोल माझ्या टाकीत होते, पण राळ धरलेल्या त्या बारीक वाटेतून ते पुढे जाईना. अल्ताफ दोरी ओढत राहिला. त्याच्या तळहाताची सालटी निघाली. मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. ते सांगून काय उपयोग? यंत्राचा प्रयत्न कोणी मोजत नाही, आणि मोजू नये.

"बास," अल्ताफ म्हणाला. "रिक्षा काढतो. मावशीला घेऊन चला. मागच्या बोळानं जाऊ, तिकडं झाड न्हाय."

दोघांनी हौसाबाईंना धरून परड्यातून बाहेर काढले. नाजिया सिलिंडर छातीशी धरून मागून चालत होती. माझ्यासमोर आल्यावर हौसाबाई थांबल्या. त्यांना बोलायचे नव्हते, तरी बोलल्या.

"दसऱ्याला हार घेतलास की रं. आता काय झालं?"

रिक्षा निघून गेली. बोळात चिटपाखरू नव्हते. माझे झाकण उघडेच राहिले होते, शेजारी घमेले होते. दिवस मावळायच्या आत तारा जोडल्या गेल्या आणि वीज आली. घरात कोणी नव्हते. गडबडीत ऑक्सिजनच्या मशीनचे बटण चालूच राहिले होते. ते पुन्हा हुसहुस करू लागले. रिकाम्या पलंगाशेजारी ते श्वास घेत होते आणि मी बाहेर बसून ऐकत होतो.

हौसाबाई वाचल्या. वेळेवर पोहोचल्या, एवढेच. त्या दवाखान्यात असतानाच एका सकाळी क्रांतीने मला अल्ताफच्या रिक्षात घातले आणि उद्यमनगरात पिराजी मिस्त्रींच्या दुकानी नेले. घमेल्यातले पेट्रोल तिने कॅनमध्ये भरून बरोबर घेतले होते. का घेतले, ते तिलाही सांगता आले नसते. पिराजींनी माझा कार्ब्युरेटर उघडला आणि जिभेने च्यक् केले. मग कॅनकडे पाहून म्हणाले, "ह्ये गाडीत घालायच्या कामाचं न्हाय. पार्ट धुवायला चालंल. घेऊ का?"

क्रांतीने कॅनच्या झाकणावरून एकदा हात फिरवला. मग कॅन त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली, "घ्या."

पिराजींनी ते थाळीत ओतले आणि माझा एकेक भाग त्यात बुडवून ब्रशने घासला. आकारामांनी भरलेले पेट्रोल असे कामी आले. क्रांती दारातल्या स्टुलावर बसून शेवटपर्यंत पाहत होती. तिचे डोळे भरून आले तेव्हा पिराजींना वाटले पेट्रोलचा वास लागला, आणि त्यांनी तिच्यासाठी बाहेरून चहा मागवला.

आता दर सोमवारी शाळेला जाण्यापूर्वी क्रांती मला सुरू करते, आईचे मशीन जोडते आणि माझा आवाज जड होईपर्यंत उभी राहते. माझ्या आवाजावर नाजिया खिडकी लावून घेते आणि आतून म्हणते, "झाला ह्याचा रियाज चालू!" मला कसला अभिमान वाटत नाही. बरेच दिवस चालायचे नसेल, तर क्रांती मला पुरते रिकामे करून ठेवते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरी असेल, तर ती पुसून, झाकून, हार घालून ठेवू नका. तिच्याकडून काम करून घ्या. बिघडली तर दुरुस्त करा, संपले ते नवे भरा. आणि तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी 'वेळेला उपयोगी पडेल' म्हणून कोपऱ्यात बसला असेल, तर आजच उठा आणि त्याची दोरी ओढून बघा. तो स्वतःहून काही सांगणार नाही. मीही सांगितले नव्हते.

परवा घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारले, "लाईट गेली तर काय करता ओ?" हौसाबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिले. मी पेट्रोल भरून, तेल बदलून, तयार उभा होतो.

"त्यो हाय की," त्या म्हणाल्या. मग क्रांतीकडे वळून म्हणाल्या, "तरीबी सिलिंडर भरून आण गं. असू दे उशाला."

त्यांचे बरोबरच आहे.