हनुवटीखालचं माप

मी एक जुनी काचेची बरणी आहे. लोणच्याची नव्हे, तेवढं नशीब असतं तर मी इतकी कुरकुर केली नसती. मी दवाखान्यातल्या सक्शन मशीनची बरणी. डोक्यावर रबरी झाकण, त्यात दोन नळ्या आणि अंगावर हजार मिलिलीटरपर्यंतच्या रेघा. माणसाच्या आतून जे ओढून काढतात ते माझ्यात पडतं आणि किती पडलं ते मी सांगते.

१९९९ साली मी भाताच्या तणसात गुंडाळून गोंदियात आले, फुलचूरकडच्या एका लहान खाजगी दवाखान्यात. मित्रांनो, पहिल्या दहा वर्षांत मी काय काय पोटात घेतलं ते जेवताना वाचू नका. गळवांचा पू, छातीतला कफ, काळं रक्त. शिसारी यायची. पण माझ्यात ते पडलं की पलंगावरचा माणूस मोकळा श्वास घ्यायचा, म्हणून ती शिसारी मी गिळत असे. मुर्रीच्या पार्वताबाई, आमच्या आया, मला गरम पाण्याने घासताना म्हणत, "तू लय कामाची हायेस वो." एवढं कौतुक मला पुरे होतं.

खरी शिसारी मला २००९ साली आली आणि ती पुवाची नव्हती.

त्या वर्षी दर रविवारी नागपूरहून एक डॉक्टर येऊ लागले. ते चेहऱ्याची आणि मानेची चरबी काढत. दिवाळीनंतर त्यांच्याकडे आमगावची नीतू आली. वय तेवीस, बालवाडीत शिकवणारी, गालांना खळ्या. मुलाकडच्यांनी पसंती कळवली होती, फक्त 'गळा जरा भरलेला वाटतो' एवढं खाली जोडून. नीतूच्या शामकला आत्यांनी पसंती बाजूला ठेवली आणि गळा तेवढा धरला. सोयरीक त्यांनीच जुळवलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे नीतूच्या आईचं, यशोदाबाईंचं, काही चालत नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगते. ऑपरेशन झालं की आतून निघालेलं नातेवाइकांना दाखवायचं. खडा असो की गाठ. पाहिल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही. शामकला आत्यांच्या पित्ताशयातले सत्तावीस खडे तर त्यांच्या घरी शोकेसमध्ये बाटलीत आहेत. पाहुण्यांना चहाबरोबर दाखवतात. तुम्ही कधी गेलात तर चहा आधी संपवा.

नीतू टेबलावर जागीच होती, फक्त गळा बधिर केलेला. हनुवटीखालच्या छोट्या छेदातून बारीक नळी आतबाहेर होत होती आणि माझ्या तळाशी पिवळं, लालसर, तेलकट काहीतरी ठिबकत होतं. डॉक्टरांचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. पस्तीस मिलिलीटरला त्यांनी हात थांबवला.

"बस. याच्यापुढे नस आहे. धक्का लागला तर ओठाचा कोपरा खाली येईल," ते पार्वताबाईंना म्हणाले.

पार्वताबाईंनी मला बाहेर नेलं. हजाराच्या बरणीत पस्तीस! तळसुद्धा धड झाकला नव्हता.

शामकला आत्यांनी मला उचलून उजेडात धरलं. "हे काय वो? यवढंसंच?"

"मानेतून यवढंच निघते, बाई," पार्वताबाई म्हणाल्या.

"मले नोका शिकवू. माये सत्तावीस खडे निघाले होते! यवढ्यासाठी पोरीले आमगाववरून आनलो का? वयनी, तुमी काऊन चुप बसल्या?"

यशोदाबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टरले समजते न बाई."

"काय समजते? डबल चिन तशीच राहिली तर मुलाकडच्यांसमोर कोन जाईन?"

एवढ्यात डॉक्टर बाहेर आले. आता ते नसेचं सांगतील म्हणून मी वाट पाहत होते. आत्यांनी मला त्यांच्या नाकासमोर नाचवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं, बाकावर बसलेल्या पुढच्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"निघेल ना, अजून निघेल," ते म्हणाले. "पार्वताबाई, मशीन लावा. मी चहा घेऊन येतो."

मित्रांनो, इतकी वर्षं मी माणसांचा पू पोटात वागवला, पण इतकी घाण कधी पाहिली नव्हती. दाराआड नीतूने सगळं ऐकलं होतं. पार्वताबाई मला घेऊन आत आल्या तेव्हा तिने त्यांचा पदर धरला. "मावशी, माझं तोंड वाकडं होईल का हो? मग बालवाडीतली मुलं घाबरतील मला."

पार्वताबाईंनी मशीन लावली नाही. उरलेली सलाईनची बाटली उचलली, माझं झाकण काढलं आणि ओतलं. चांगलं खळखळून हलवलं. मी चारशेच्या रेघेपर्यंत भरले. खाली गुलाबी, वर पिवळी साय. जन्मभर मी एका थेंबाचंही माप चुकवलं नव्हतं. आता मी उभ्या उभ्या चारशे सांगणार होते.

"नळीत अडकलं होतं, बाई," पार्वताबाईंनी बाहेर जाऊन सांगितलं. "आता उतरलं."

"हां! आता कसं!" आत्यांनी मोबाईल काढला आणि माझे दोन फोटो घेतले. यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावून पाठ फिरवली.

डॉक्टर चहा पिऊन आले. त्यांनी माझी रेघ पाहिली, दारातून दिसणारी रिकामी सलाईनची बाटली पाहिली. सगळं कळलं त्यांना. "म्हटलं होतं ना, निघेल," असं आत्यांना म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला तर वाटलं, झाकण उडवून सगळं त्यांच्या बुटांवर ओकावं.

मला आत आणून ठेवून पार्वताबाई नीतूच्या हनुवटीला पट्टा बांधू लागल्या.

"मावशी, खरं किती निघालं?"

"सात चमचे. आन आत्याबाईच्या मोबाईलात बादलीभर."

नीतूला हसू आलं. पट्टा ताणला, दुखलं, तरी ती हसली. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले. मी काचेतून नीट तपासून पाहिले.

पुढे प्लॅस्टिकच्या, वापरून फेकायच्या पिशव्या आल्या. आता मी जिन्याखाली पडून आहे, रबर फाटलेलं, रेघा पुसट. मला कोणी घासावं, पुसावं असं माझं मागणं नाही. मागणं एवढंच आहे, मित्रांनो: तुमच्या घरी पाहुणे जमले असताना कोणी तुमच्या बहिणीच्या गळ्याकडे बोट दाखवलं, तर गप्प बसू नका. ते बोट तिथल्या तिथे खाली करायला लावा. चहा सांडला तरी चालेल.